काच झाली का, तात्या?

सोपानतात्यांच्या अंगणात जायचं तर आधी पाय धुवावे लागतात. तेवढ्यावर भागत नाही, धुतलेले पाय उलटे करून दाखवावेही लागतात. तात्या फाटकाशी तांब्या घेऊन उभे राहतात, पायांवर पाणी घालतात, चष्मा कपाळावर सरकवून खाली वाकतात आणि म्हणतात, "तळवं दावा." मी शाळेत गणित शिकवते. वर्गात माझा बऱ्यापैकी दरारा आहे. पण आमची घरं भिंतीला भिंत लागून असल्यामुळे मलाही दर दोन-तीन दिवसांनी त्या फाटकाशी एका पायावर उभं राहावं लागतं. एकदा गॅसवाल्याला त्यांनी बूट काढायला लावले, तर तो सिलिंडर फाटकातच ठेवून निघून गेला. मग तो मी आणि तात्यांनी मिळून आत नेला. अर्थात पाय धुऊन.

आता तुम्ही म्हणाल, हे सोवळंओवळं असणार. तसं काही नाही. तात्या देवाच्या वाटेला फारसे जात नाहीत. ही सगळी भानगड दुर्बिणीची आहे.

बारामतीत तात्यांचं फोटो-फ्रेमचं दुकान. निम्म्या गावाचे देव, पूर्वज आणि लग्नं त्यांनी काचेआड बसवली. पुढं दुकान मुलाकडं दिलं आणि स्वतः आभाळ बघायच्या नादाला लागले. बरं, बघायचं तर सरळ दुर्बीण विकत घ्यावी. पण तात्यांच्या लेखी तयार दुर्बीण म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा सदरा. "सारा जल्म काचेत गेला, आन आता काच इकत आणू व्हय?"

मोठ्या दुर्बिणीला खोलगट आरसा लागतो आणि तो हातानं घासून करता येतो. त्यासाठी अंगणात पत्र्याचा एक ड्रम उभा केला. त्यावर एक जाड गोल काच बसवली, तिच्यावर तशीच दुसरी ठेवली आणि मध्ये घासायची पूड आणि पाणी घातलं. वरची काच पुढं ढकलायची, मागं ओढायची, जराशी फिरवायची आणि ड्रमभोवती एक पाऊल सरकायचं. असं महिनोन् महिने केलं की वरची काच हळूहळू खोल होत जाते. पण त्यात बाहेरचा एखादा जाड कण शिरला तर ओरखडा उठतो आणि केलेलं सगळं पुन्हा करावं लागतं. म्हणून ते तळवे. आमची गल्ली मार्केट यार्डाच्या मागं. उसाच्या ट्रॉल्या जायला लागल्या की धुळीचा लोट उठतो, आणि तात्या काचेवर पंचा टाकून जिकडे-तिकडे रागानं बघत बसतात.

रस्त्यावरून बघणाऱ्याला मात्र एवढंच दिसतं, की एक म्हातारा ड्रमला प्रदक्षिणा घालतोय. भाजीवाल्या आजींनी मला विचारलं, "बाई, ड्रमात कंचा देव बसवलाय?" मी म्हटलं, देव नाही, दुर्बिणीचा आरसा आहे. त्यांनी तरीही डोक्यावरची पाटी सावरत एका हातानं नमस्कार करून टाकला.

आमचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, 'आभाळवेडे'. तात्यांनीच मला त्यात ओढलं. संध्याकाळ झाली की हजेरी सुरू होते. "इंदापूर निरभ्र." "बारामती, पातळ ढग." "सोमेश्वरनगर, कारखान्याचा धूर, ढग असले तरी दिसत न्हाईत." मग कुणीतरी नवा माणूस विचारतो की पहिली दुर्बीण कुठली घ्यावी, आणि जी जुंपते ती ताटं वाढेपर्यंत. भिंगाची चांगली की आरशाची, या वादावरून दोन सख्खे चुलतभाऊ ग्रुप सोडून गेले होते, ते आठवड्यानं परत आले. तात्या शेवटी एकच वाक्य टाकतात, "आधी नुसत्या डोळ्यानं बघा. चंद्र काय पळून चाललाय व्हय?"

पावसाळा संपता संपता ठरलं, की तात्यांचा आरसा बसवून ग्रुपची मोठी दुर्बीण करायची आणि नरसिंहपूरला संगमावर जमून सगळ्यांनी बघायचं. नळकांडं झालं, स्टँड झाला. काच काही होईना. दिवाळीत तात्या म्हणाले, "कडंला जरा कसर हाय." थंडी पडल्यावर म्हणाले, "मधी जरा कसर हाय." ग्रुपवर रोज कुणीतरी विचारायचं, "काच झाली का, तात्या?" आणि रोज चंद्र पळून जात नसल्याचं उत्तर यायचं. अखेर इंदापूरचे मेडिकलवाले शिरीषभाऊ, जे आमचे अॅडमिन, त्यांनी लिहिलं की रथसप्तमीपर्यंत काच झाली तर तात्यांची बसवू, नाहीतर तयार आरसा मागवू. यावर तात्यांनी नुसते जोडलेले हात पाठवले. एवढं घासून शेवटी दुर्बिणीत दुसऱ्याचीच काच बसायची.

तसा तात्यांचा मला रागही आला होता, आणि तो मालनकाकींवरून. काकी म्हणजे तात्यांची बायको. गेल्या उन्हाळ्यात काकींना अर्धांगाचा झटका आला. त्यातून सावरल्या, पण डावा पाय ओढत चालायच्या. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. पण गल्लीतल्या प्रत्येक हळदीकुंकवाला पुढं असणारी ही बाई आता फाटकाबाहेर यायला तयार नव्हती. "बाया बघत्यात," एवढंच म्हणायच्या. आणि अशा बाईला तात्यांनी त्या ड्रमला जुंपलं. ड्रम हलतो म्हणे, कुणीतरी धरायला पाहिजे. सकाळ-संध्याकाळ तात्या काच ढकलत पुढं सरकायचे आणि मागून काकी ड्रमची कड धरून एकेक पाऊल टाकायच्या. वर तात्यांचा दम असायचा, "सोडू नगंस, हलतोय."

"धरलाय की. तुमचं तुमी घासा," काकी फणकारायच्या.

एक दिवस मी पाय धुऊन, तळवे दाखवून, भांडायला गेले.

"तात्या, काकींची तब्येत काय आणि तुम्ही त्यांना राबवताय काय? ड्रमखाली विटा लावा."

"इटा लावल्या तर लईच हलंल," तात्या म्हणाले.

गणिताच्या बाईला हे पटणं शक्य नव्हतं. पण काकीच मध्ये पडल्या, "आसू दे गं सुनंदा. ह्यांची काच तेवढी हू दे."

पुढच्या रविवारी दुपारी शिरीषभाऊ स्वतः काच तपासायला आले. एका बारीक दिव्यासमोर काच ठेवायची आणि तिच्यातून परत येणारा उजेड दाढीच्या ब्लेडच्या कडेनं हळूहळू कापत बघायचा, अशी ती परीक्षा. काकी आत झोपल्या होत्या. मला वाटलं, तात्या ड्रमवरची काच उचलतील. ते घरात गेले आणि काकींच्या जुन्या सुती लुगड्यात गुंडाळलेली दुसरीच काच घेऊन आले. खिडक्या लावून शिरीषभाऊंनी ती बराच वेळ बघितली. मग अंगणात आले. मी मागोमाग.

"ताई, काच कवाच झालीया," ते हळूच म्हणाले. "आता हात लावला तर उलट बिघडंल."

"मग हे रोज घासतात काय?"

आम्ही दोघांनी ड्रमकडं बघितलं. त्यावर होती दुकानातली कडा उडालेली टाकाऊ काच. पुडीचा पत्ता नव्हता, नुसतं पाणी. मी ड्रमला हात लावून ढकलून बघितलं. हलला नाही. शिरीषभाऊंनी खांदा लावला, तरी हलला नाही. वाजवून बघितला तर भरीव आवाज आला. खालच्या गंजक्या भोकातून थोडी वाळू सांडली होती. काठोकाठ वाळूनं भरलेला ड्रम तो, बैल धडकला तरी जागचा हलला नसता.

तात्या मागं येऊन उभे राहिले होते.

"रस्त्यानं चल म्हणलं तर लाजती," ते म्हणाले. "येयाम कर म्हणलं तर रडती. माझं काम आडलंय म्हणलं की उठती."

मग शिरीषभाऊ म्हणाले, "आन रथसप्तमी?"

"मागवा की तुमी आरसा. माझी काच राहू दे तशीच," तात्या म्हणाले. चंद्राचं नाव त्यांनी पहिल्यांदाच काढलं नाही.

त्या संध्याकाळी शिरीषभाऊंनी ग्रुपवर लिहिलं, "काच समक्ष तपासली. कसर आहे. मुदत वाढवावी." वर्गात खोटं बोलणाऱ्याला मी बाहेर उभं करते. पण त्या मेसेजला पहिला अंगठा माझा होता.

रथसप्तमीच्या अलीकडं मी काकींना वाण द्यायला गेले. त्या कुणाकडं जात नाहीत म्हणून आपणच जावं, एवढाच विचार. हातात तिळगूळ आणि चहाची गाळणी. फाटकातून हाक मारली. तात्या ड्रमच्या पलीकडच्या अंगाला होते. "आलो, आलो," म्हणाले, पण हातात काच होती.

काकींनी ड्रमवरचा हात काढला. कट्ट्यावरचा तांब्या उचलला आणि फाटकाकडं निघाल्या. पाय अजून ओढत होता, मध्ये एकदा थांबल्याही. पण आल्या. माझ्या पायांवर पाणी घातलं, निम्मं माझ्या साडीवर सांडलं, आणि म्हणाल्या, "वाण मागनं. आधी तळवं दाव."

मी एका पायावर उभी राहिले. इतका आनंद झाला होता की गाळणी हातातून पडायची बाकी होती.

तात्या काच तशीच धरून उभे होते.

"ड्रम सोडलास व्हय गं?"

"का, हालला का?" काकींनी वळून विचारलं.

"न्हाय," तात्या म्हणाले. मग पुन्हा एकदा, अगदी हळू, "न्हाय हालला."

संध्याकाळी ग्रुपवर ढगांची हजेरी चालू असतानाच तात्यांचा मेसेज आला, "काच झाली." अभिनंदनाचा पाऊस पडला. भिंगवाला आणि आरशावाला, दोन्ही चुलतभाऊ एका सुरात बोलले. मी लिहिलं, "मालनकाकींचं अभिनंदन."

सोमेश्वरनगरहून कुणीतरी विचारलं, "त्यांचं कशाबद्दल?"

मी उत्तर जुळवत बसले होते, तेवढ्यात शिरीषभाऊंनी लिहिलं, "अहो, ड्रम कुणी धरला होता?"