अडतीसनंतर सुई फिरवायची

गब्दू झाल्यापासून त्याच्या आईला एकही गोष्ट पुरी करायला मिळाली नव्हती. अर्धा कप चहा गार व्हायचा, पेपर अर्धाच वाचून व्हायचा, अर्धे केस विंचरलेले असताना दार उघडायला धावावं लागायचं. बहिणीला फोन लावला तर "अगं, काल काय झालं माहितेय" इतकंच सांगून व्हायचं. काय झालं ते त्या बहिणीला आजतागायत कळलेलं नाही. गब्दू चौदा महिन्यांचा, थोरली ठमी पाच वर्षांची, आणि नवरा सकाळी जाऊन संध्याकाळी येणारा. तेव्हा एक दिवस या बाईने मनाशी पक्कं केलं, की स्वतःसाठी एक मफलर विणायचा आणि तो संपवायचा. विणण्याचं तिला फारसं काही नव्हतं. तिला फक्त काहीतरी संपवायचं होतं.

शिकवायला समोरच्या दारातल्या काकू मिळाल्या. काकू चाळीस वर्षं हॉस्पिटलात नर्स होत्या. निवृत्त झाल्या तरी बोलणं अजून गोळ्या वाटल्यासारखंच. अडतीस टाके घालायचे, येताना सुलट, जाताना सुलट, बाकी काही नाही, एवढं सांगून त्या गेल्या. चार दिवसांनी बघायला आल्या, तर अडतीसचे त्रेचाळीस झालेले. कुठे धागा उगीचच सुईवर चढून बसला होता, कुठे एका टाक्यातून दोन काढले गेले होते. काकूंनी चष्मा कपाळावर सरकवला.

"तुझ्याकडे टाके पिल्लं घालतात का गं?"

मग त्यांनी नवा डोस सांगितला. प्रत्येक ओळीला टाके मोजायचे, आणि मनात नाही, मोठ्यानं. मनातलं मोजलेलं पोरं घालवून टाकतात, असा त्यांचा अनुभव होता.

दुसऱ्या दिवसापासून तसं सुरू झालं. ठमी शाळेतून आली, जेवली, की तिघांची बैठक पुढच्या खोलीत बसायची. आई सोफ्यावर, ठमी तिला चिकटून, गब्दू समोरच्या भिंतीपाशी डबे आपटत. आईने 'एक' म्हटलं की गब्दू मान वर करायचा, लोकरीचा गुंडा हेरायचा आणि रांगत निघायचा. तेवढी खोली ओलांडायला त्याला बरोबर सतरा टाके लागायचे. म्हणजे सोळा, सतरा, मग आईचं "तोंडात नाही", मग अठरा. पुढे एकोणतिसाच्या सुमाराला तिचं चित्त हमखास उडायचं. "कुठे होते मी?" असं ती स्वतःलाच विचारायची, आणि शेजारून ठमी सांगायची, तीस. अडतीसला ओळ संपली की सुई फिरवायची आणि परत एक. शाळेत नुकतेच आकडे सुरू झाले होते. पोरगी घरबसल्या शिकतेय म्हणून आईला वर कौतुकच वाटत होतं.

तीन आठवड्यांत मफलर वीतभर झाला. कडा जरा वाकड्या होत्या, मधे एक भोक होतं, पण होता तो मफलरच. आणि त्याच आठवड्यात शाळेतून चिठ्ठी आली, की बाईंना भेटून जा.

गब्दूला कडेवर घेऊन आई वर्गात पोचली. बाई शांत स्वभावाच्या, पण त्या दिवशी चेहरा ओढलेला होता. त्यांनी ठमीला उभं केलं आणि आकडे म्हणायला सांगितलं. ठमीने हात मागे बांधले, छाती पुढे काढली आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली. सोळा, सतरा, तोंडात नाही, अठरा. एकोणतीस, कुठे होते मी, तीस. अडतीसला ती गर्रकन वळली, बाईंकडे पाठ केली आणि भिंतीकडे तोंड करून पुन्हा एकपासून सुरू झाली. आईला धरणी दुभंगली तर बरं असं झालं.

बाई म्हणाल्या, एकटी ठमी असती तर एक वेळ चाललं असतं. पण तिचा आवाज मोठा, म्हणून बाकीची मुलं तिच्यामागून म्हणतात. आता बावीसच्या बावीस मुलं अडतीसला भिंतीकडे वळतात. दोन आठवड्यांनी मोठ्या बाई शंभरपर्यंतचे आकडे ऐकायला वर्गावर येणार आहेत. आणि काल घरी वह्या मोजताना माझ्याच तोंडून 'तोंडात नाही' निघालं, असंही त्यांनी खालच्या आवाजात सांगून टाकलं.

"मी तिला विचारलं, अडतीसनंतर काय येतं? म्हणाली, सुई फिरवायची. मग संपतं कधी? तर म्हणाली, माझ्या आईचं कधी संपतच नाही."

बाईंनी हे हसत सांगितलं होतं. आईसुद्धा हसली, पण घरी जाताना तिला सारखं तेच ऐकू येत होतं. पाच वर्षांच्या पोरीनेसुद्धा आपल्याला ओळखलं, असं वाटून तिला अगदी कानकोंडं झालं.

घरी आल्यावर तिने भिंतीवर आकड्यांचा तक्ता लावला. ठमीने तो नीट पाहिला आणि हे शाळेतले आकडे आहेत, आपले नाहीत, असा निकाल दिला. मणी मोजून पाहिले, पायऱ्या मोजून पाहिल्या. जिन्यावर तर अडतिसाव्या पायरीला ठमी वळून खाली उतरायला लागली. आईच्या सुईवर नसलेला आकडा पोरगी उच्चारेना. शेवटी बापच म्हणाला, की अडतीस टाक्यांनी बिघडलंय ना, मग शंभर टाके घाल. तो हे गमतीने म्हणाला होता. पण आईने मफलरकडे पाहिलं. लोकर तेवढीच होती, म्हणजे शंभर टाके घालायचे तर तो उसवावा लागणार होता.

ती काकूंकडे लांब सुया मागायला गेली. शंभर टाके ऐकून काकूंनी विचारलं, की हत्तीचं बाळंतपण आहे का कुठे. खरं कारण कळल्यावर मात्र त्यांनी कपाटातून लांबच्या लांब सुया काढून दिल्या. मग मफलर उसवायची वेळ आली. आईचा हात होईना. गब्दूने ती अडचण दूर केली. त्याला टोक सापडलं आणि तीन आठवड्यांचं काम त्याने चार मिनिटांत जमिनीवर आणलं, तेही खदखदून हसत. आईने डोळे पुसले आणि गुंडा करायला घेतला. संपवायचं राहिलं तर राहिलं, पोरीचं तर नीट होऊ दे.

आता बैठक संध्याकाळी बसू लागली, कारण गब्दूला धरायला बाप हवा होता. सक्त नियम असा होता, की ओळ चालू असताना आकड्याशिवाय कोणी चकार शब्द काढायचा नाही. बापाने चहा हवा का ते भुवयांनी विचारायचं, आईने मानेने सांगायचं. गब्दू गुंड्याकडे झेपावला की बापाने त्याला पोत्यासारखा उचलून आत न्यायचा. एकदा अठ्ठावन्नाला दूध उतू गेलं, आणि आईने ते डोळ्यांदेखत जाऊ दिलं. रोज दोन ओळी व्हायच्या, त्यातही एकोणऐंशीला आईचीच जीभ अडखळायची. पण ठमी अंगाला अंग लावून बसायची आणि सुईवर सरकणाऱ्या प्रत्येक टाक्याबरोबर आकडा म्हणायची. दुसऱ्या आठवड्यात ती आईच्या पुढे पळायला लागली.

ठरल्या शुक्रवारी दुपारी बाईंचा फोन आला. बावीस मुलांनी एक ते शंभर न अडखळता म्हटलं. सतराला कोणी काही बोललं नाही, अडतीसला कोणी हललं नाही. फक्त शंभर झाल्याबरोबर सगळा वर्ग एका दमात मागे वळला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. पण मोठ्या बाईंना ती कवायत वाटली. त्यांनी शिस्तीचं फार कौतुक केलं, आणि सोमवारपासून बाकीच्या वर्गांनीही आकडे असेच म्हणावेत असं सांगून त्या गेल्या.

शनिवारी सकाळी काकू सुया न्यायला आल्या. गब्दू नेमका झोपला होता. आई ती लांबोळकी पट्टी मांडीवर घेऊन बसली होती. आता ही उसवते आणि पुन्हा अडतीस टाक्यांनी सुरू करते, असं ती काकूंना सांगत होती. काकूंनी पट्टी हातात घेतली, उभी धरली आणि खालपासून वरपर्यंत पाहिली.

"अगं, आडवा विणलायस. हा मफलर झाला की. टाके बंद कर."

बंद कसे करायचे ते त्यांनी दाखवलं. एक टाका दुसऱ्यावरून उचलायचा आणि सोडून द्यायचा. सुईवरचे टाके कमी कमी होत गेले. शेवटी एकच उरला. त्यातून धागा ओढून आईने तो घट्ट केला आणि कापला. मग ती नुसतीच बसून राहिली. आपण एक गोष्ट सुरू केली आणि संपवली, हे तिला खरंच वाटेना. छातीत इतकं भरून आलं, की एका मफलरसाठी एवढं बरं नव्हे, असं तिचं तिलाच वाटलं.

मोठ्या माणसाच्या गळ्याला तो पुरणार नव्हता. तिने ठमीला बोलावून तिच्या गळ्यात गुंडाळला. अगदी बेताचा बसला. ठमीने तो दोन्ही हातांनी चाचपला, आणि बघता बघता तिचा खालचा ओठ बाहेर आला. डोळे भरून वाहायला लागले.

"टोचतोय का गं?" आईने विचारलं.

ठमीने नाही म्हणून मान हलवली. "संपला ना आता?"

"हो. संपला."

"मग आता तू माझ्याजवळ नाही बसणार."

आईच्या आत्ता ध्यानात आलं. गेले चौदा महिने हे घर गब्दूच्या मागे धावत होतं, आणि पोरीच्या वाट्याला आई आली होती ती या दोन सुयांमुळे. सुई फिरली की पुन्हा एक, म्हणजे आई इतक्यात उठणार नाही, म्हणूनच ती अडतीसला एवढ्या आनंदाने वळत होती. आईने ठमीला ओढून मांडीवर घेतलं आणि घट्ट धरून ठेवलं. मग सांगितलं, की आता उद्याच नवी लोकर आणायची, कारण गब्दूलासुद्धा मफलर हवाच ना.

ठमीने स्वखुशीने गब्दूला आजवर साधा खोडरबरही दिला नव्हता. तिने नाक पुसलं आणि आतल्या खोलीत झोपलेल्या भावाकडे जरा वेळ पाहिलं.

"त्याचा मोठा कर," ती म्हणाली. "माझ्यापेक्षा खूप मोठा. आणि आई, घाई करू नकोस."

काकूंनी न्यायला म्हणून उचललेल्या लांब सुया परत टेबलावर ठेवल्या.