दोन मिनिटं आत या

माणसं सांभाळणं हा आपल्या डाव्या हातचा मळ आहे, असं दादा छातीठोकपणे सांगायचा. कंपनी त्याचीच. दवाखान्यांना पेशंटच्या वेळा लावून देणारं सॉफ्टवेअर विकायची, आणि अजून तिचे दुधाचे दातही पडले नव्हते. ‘सर’ म्हणायला बंदी, म्हणून सगळे त्याला दादा म्हणायचे. हिशेब बघणारी त्याची थोरली बहीण मात्र बाळ्याच म्हणायची.

परवा तो कसल्याशा शिबिरातून आला तो हवेतच. "ताई, एकेका माणसाशी एकट्याने बोलायचं. शांतपणे. पाणी द्यायचं, मन मोकळं करू द्यायचं."

"आधी उद्याचं बघ," ताई म्हणाली. "त्या मोठ्या हॉस्पिटलचे लोक सॉफ्टवेअर बघायला येतायत. ते नाही म्हणाले तर आपण कुलूप लावायचं."

"म्हणून तर आजच बोलतो. उद्या कशी टवटवीत दिसतील बघ."

ताई बँकेत गेली आणि तिथेच घात झाला.

कोपऱ्यात एक काचेची खोली होती. गेल्या वर्षी ज्यांना ज्यांना नारळ दिला, त्यांना याच खोलीत, याच दादाने, "दोन मिनिटं आत येतोस का?" म्हणून नेलं होतं. पाणीसुद्धा दिलं होतं. दादा हे साफ विसरला होता. बाकी कुणीही विसरलं नव्हतं.

पहिला नंबर डिझायनरचा. "दोन मिनिटं आत येतोस का?" दादा मधाळ आवाजात म्हणाला. डिझायनरचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला.

"पाणी घे. पुढचा काय विचार केलायस?"

डिझायनरने हात जोडले. "एक महिना तरी द्या, दादा."

विचार करायला वेळ मागतोय, किती समंजस! दादाला भरून आलं. "घे की. हवा तेवढा वेळ घे."

बाहेर येऊन डिझायनर एकेकाला मिठी मारत सुटला. बघा, लगेच आपुलकी वाढली, असं दादाला काचेतून दिसलं.

दुसरा आला तो गिऱ्हाइकांचे फोन घेणारा. रुमाल हातात घेऊनच आला. "दादा, बायकोला सातवा महिना आहे हो."

"अरे वा, अभिनंदन! मग आता घरी भरपूर वेळ दे."

इतका निर्दय माणूस त्याने जन्मात पाहिला नव्हता. पाण्याला न शिवता तो उठून गेला.

तिसरी चष्मिस. अख्खं सॉफ्टवेअर हिच्या डोक्यात, आणि आज दादा तिला चक्क भागीदार करणार होता. पण त्याने तोंड उघडायच्या आत ती उभ्याउभ्याच म्हणाली, "पाणी नको. तुम्ही काढण्यापेक्षा आपल्या पायाने गेलेलं बरं. दुसऱ्या कंपनीला आत्ताच हो म्हणून सांगितलंय."

दादा हादरलाच. पेला हातात तसाच. "अगं, मी तर तुला..." एवढं म्हणेपर्यंत ती गेलीसुद्धा. तो मागोमाग धावला. बाहेर टेबलं होती, खुर्च्या होत्या, माणूस म्हणून नव्हता. बाकीचेही आपला नंबर लागायच्या आत सटकले होते. खिडकीतली कुंडीसुद्धा कुणीतरी नेली होती.

ताई परतली ती दारातच थबकली. "माणसं कुठायत?"

"मी फक्त प्रेमाने विचारपूस केली गं."

"कुठे?"

दादाने काचेच्या खोलीकडे बोट दाखवलं.

"आणि पाणी दिलंस?"

"दिलं."

ताईने कपाळावर हात मारला. "अरे बाळ्या, त्या खोलीत पाणी पाजलं की आपल्याकडे माणूस जातो!"

मग तिने फोन फिरवले. डिझायनर, फोनवाला आणि बाकीचे बसस्टॉपवरच सुतकी चेहऱ्याने बसले होते, लगेच आले. चष्मिस मात्र अट घातल्याशिवाय येईना. अट काय, ते ताईने दादाला सांगितलं नाही. "ती उद्या येतेय, एवढं तुला पुरे."

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलवाले आले, चष्मिसने सगळं दाखवलं, आणि ते होकार देऊन गेले. दादा पुन्हा छाती फुगवून फिरायला लागला. शेवटी माणसं टिकली ना, असं तो दोघातिघांना म्हणालाही. तेवढ्यात काचेच्या खोलीचं दार किलकिलं झालं.

"दादा, दोन मिनिटं आत येता का?"

आत त्याच्या खुर्चीत चष्मिस. शेजारी ताई. समोर पाण्याचा पेला.

"बसा. आजपासून इथली माणसं मी सांभाळणार, असं ताईंशी ठरलंय," चष्मिस म्हणाली. "तुमचा पुढचा काय विचार?"

दादाने हात जोडले. "एक महिना तरी द्या."

"घ्या की. हवा तेवढा वेळ घ्या."

दादा बाहेर आला आणि मुकाट्याने आपला कॉफीचा मग शोधू लागला. तो काही सापडेना. कालच्या पळापळीत, कुंडीबरोबर तोही कुणीतरी नेला होता.