'कातळ' बँडची एकुलती एक फीत

एका जंगलात, बाळांनो, एक रॉक बँड होता. हसायला काय झालं? जंगलात निवडणुका होतात ते चालतं, मग बँड का नसावा?

बँडचं नाव 'कातळ'. अस्वल गायचं, तरस गिटार वाजवायचा आणि सुतारपक्षी ड्रम बडवायचा. पुढे अस्वल आणि तरस यांचं वाजलं. पोस्टरवर कोणाचं तोंड मोठं छापायचं, यावरून. तुम्ही असे भांडलात तर आई धपाटा घालते. ते कलावंत होते, म्हणून त्याला वैचारिक मतभेद म्हणतात. बँड फुटला.

शेवटचा कार्यक्रम उंबराच्या माळावर झाला होता. त्याची एकच फीत होती आणि ती खवलोजीकडे होती. खवलोजी म्हणजे खवल्या मांजर, बँडचा जुना मॅनेजर. त्याने ती बिळात पेटीत कोंबून ठेवली होती.

दर वर्षी चाहते बिळापाशी जमत आणि विचारत, "खवलोजीराव, फीत बाहेर कधी येणार?"

प्रश्न ऐकला की खवलोजी अंगाचं मुटकुळं करायचा. खवल्यांच्या आतून आवाज यायचा, "लवकरच!" चाहते खूश होऊन घरी जायचे. आगाऊ नोंदणी म्हणून प्रत्येक जण एकेक वारूळ दाखवून जायचा, कारण खवलोजीला मुंग्या आवडत. असं वीस वर्षं चाललं. खवलोजी चांगलाच सुटला होता.

"तिसऱ्या गाण्यात अस्वल शिंकलं होतं म्हणे," रानडुक्कर सांगायचं. "ती शिंक ऐकल्याशिवाय मी डोळे मिटणार नाही."

"तू होतास का रे तिथे?"

"छे! तेव्हा माझा जन्मसुद्धा झाला नव्हता. पण शिंक काय होती महाराजा!"

या गर्दीत एक म्हातारी सायाळ असायची. ती मात्र त्या कार्यक्रमाला होती, नवऱ्याबरोबर. तिचा नवरा भारी लाजाळू. बायकोला हाक मारायची तरी आधी खाकरायचा. पण शेवटचं गाणं संपलं आणि काय अंगात आलं कोण जाणे, तो काटे फुलवून उभा राहिला आणि ओरडला, "वन्स मोअर!" सगळा माळ गप्प आणि हा एकटा ओरडतोय. अस्वल हसलं आणि त्याने ते गाणं पुन्हा म्हटलं.

पुढच्याच महिन्यात त्याला बिबट्याने नेलं. सायाळीला आता त्याचा चेहरा आठवायचा, पण आवाज काही केल्या आठवायचा नाही. त्या फितीत तो होता. तिला गाणं नको होतं, बँडही नको होता. तेवढे दोन शब्द ऐकायचे होते.

आणि एके सकाळी फीत खरंच आली! खवलोजीने बिळाबाहेर टेपरेकॉर्डर मांडला आणि सगळे चाहते दाटीवाटीने बसले. तिसऱ्या गाण्यात अस्वल शिंकलं. रानडुकराच्या डोळ्यांना धारा लागल्या.

मग शेवटचं गाणं लागलं आणि संपलं. सायाळीने श्वास रोखला. टेपमधून काहीच आलं नाही. थोड्या वेळाने गाणं पुन्हा सुरू झालं.

"अहो, मधलं ओरडणं कुठे गेलं?" सायाळीने विचारलं.

"तो गोंगाट होय?" खवलोजीची छाती फुगली. "काढला की! सहा महिने खपलो त्याच्यासाठी. कोणीतरी गावंढळ बोंबलत होतं."

"ते आमचे हे होते हो."

"श्शू! गाणं चालू आहे," मागून चाहते ओरडले.

"मग ती शिंक का नाही काढली?"

"बाई, ती कलावंताची शिंक आहे," खवलोजी म्हणाला.

पण रानडुक्कर ताडकन उठलं. "थांबा, थांबा! म्हणजे साफ न केलेली फीतही आहे? श्रोत्यांच्या आवाजासकट?"

गर्दीत एकच कल्ला झाला. अप्रकाशित! दुर्मीळ! अस्सल! खवलोजी पटकन मुटकुळं करून बसला. आतून आवाज आला, "लवकरच!"

आता एक गंमत सांगतो, बाळांनो. खवलोजीने सफाई त्या एकाच फितीवर केली होती. पुसलं ते पुसलं. हे मला ठाऊक आहे, खवलोजीला ठाऊक आहे आणि आता तुम्हालाही. सायाळीला कोणी सांगितलेलं नाही. हिंमत असेल तर तुम्ही सांगा, माझ्याच्याने होत नाही.

नोंदणी पुन्हा सुरू झाली. रांगेत पहिली सायाळच होती. सगळ्यात मोठं वारूळ तिने दाखवलं.

तात्पर्य : मुलांनो, कार्यक्रमाला गेलात तर तोंडाला कुलूप घाला. गाणं फारच आवडलं तर सरळ शिंका, आणि त्यासाठी आधी थोर कलावंत व्हा. जीव ओतून दाद द्याल, तर कोणीतरी सहा महिने मेहनत घेऊन तुम्हाला पुसून टाकेल.