मारुलाच्या झाडावरचा बिबट्या

भेकुमुझी मचुनूंच्या मांडीवर लोणच्याची बरणी उपडी झाली, तेव्हा त्यांची गाडी दक्षिण आफ्रिकेतल्या ह्लुह्लुवेच्या जंगलात ऐन मध्यावर होती. सकाळपासून झेब्र्याच्या शेपटाखेरीज काही दिसलं नव्हतं, त्यामुळे भूक चाळवली होती. गाडी चालवता चालवता त्यांना तळलेला पाव हवा होता, पावाला आंब्याचं लोणचं हवं होतं आणि रस्त्याला खड्डा होता. केशरी तेल खाकी पँटवर ठिपक्याठिपक्यांनी पसरलं आणि मिरची लगेच कामाला लागली.

"झोड्वा, पेटलो गं मी!"

"मग काढा ना ती पँट!" बायको म्हणाली.

"अगं, मागे तुझी आई आहे!"

मागच्या सीटवर सासूबाई तोंड उघडं टाकून झोपल्या होत्या. झुलू जावई सासूसमोर जपून बसतो, जपून बोलतो. लग्नाला एकतीस वर्षं झाली तरी भेकुमुझींनी त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवला नव्हता. पण मिरचीला नातीगोती कळत नाहीत. गाडी कडेला लागली, पँट उतरली आणि मांडीवर जंगलाचा नकाशा आला.

झोड्वाने बाटलीतल्या पाण्याने पँट खळखळून धुतली. डाग तसेच राहिले. वाळायला म्हणून तिने ती खिडकीबाहेर धरली आणि वाऱ्याचा असा झोत आला, की पँट तिच्या हातातून सुटून थेट मारुलाच्या फांदीवर जाऊन बसली. दोन्ही पाय दोन बाजूंना लोंबत होते.

"आणा आता उतरून," झोड्वा म्हणाली.

"इथे गाडीतून उतरायला बंदी आहे! आणि सिंहासमोर असा जाऊ?"

एवढ्यात मागून एक लाल गाडी येऊन थांबली. "काका, काय दिसलं?" आतल्या माणसाने विचारलं. भेकुमुझी उत्तर शोधत होते, तोवर त्याची बायकोच किंचाळली, "अहो, त्या फांदीवर! ठिपके बघा, ठिपके!"

"हो... बिबट्याच," भेकुमुझी म्हणाले. पँट म्हणण्यापेक्षा ते सोपं होतं.

पंधरा मिनिटांत पुढेमागे अकरा गाड्या जमल्या. निघायला वाट उरली नाही.

"मादी आहे," एक मास्तर सगळ्यांना समजावत होते. "पोटभर खाऊन निजलीय."

"शेपूट हललं!" कोणीतरी ओरडलं. शेपूट म्हणजे मचुनूंचा पट्टा होता.

त्या गलक्याने सासूबाई जाग्या झाल्या. "काय गं झालं?"

"बिबट्या, आई," भेकुमुझी समोर बघत म्हणाले. नकाशा त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. सासूबाईंनी चष्मा लावला, बराच वेळ झाडाकडे पाहिलं आणि त्या नुसत्या "हं" म्हणाल्या.

मग एक उघडी जीप आली. तिच्यात सहा परदेशी पाहुणे आणि हिरव्या कपड्यांतला वाटाड्या होता. त्याने दुर्बीण लावली, खाली घेतली, पुन्हा लावली. मग त्याची नजर एकेका गाडीवरून फिरत भेकुमुझींच्या मांडीवरच्या नकाशावर येऊन थांबली. भेकुमुझींनी नकाशा आणखी वर ओढला. आता सगळ्यांसमोर शोभा होणार!

वाटाड्या वाकला आणि झुलूत हळूच म्हणाला, "बाबा, तुमची का?"

"माझीच रे बाळा. गर्दी पांगू दे, छत्रीने ओढून घेतो."

"छे छे, बाबा, हात लावू नका! ही माणसं सोमवारपासून बिबट्यासाठी झुरताहेत. ती बाई बघा, आनंदाने रडतेय. आणि तीन वाजता माझी दुसरी फेरी आहे." मग पाहुण्यांकडे वळून त्याने ओठांवर बोट ठेवलं, "हळू बोला, जागं होईल जनावर."

त्यानेच गाड्या सरकवून मचुनूंच्या गाडीला वाट करून दिली. झाड मागे पडलं. मग मागून एक लोकरी शाल अलगद भेकुमुझींच्या खांद्यावर आली.

"पाय झाका, जावईबापू. वारा आहे."

शरमेने भेकुमुझींच्या कानशिलांनाही मिरची झोंबली. "आई, तुम्हाला... कधी कळलं?"

"अहो, मागच्या नाताळात तो बिबट्या मीच घेतला होता तुमच्यासाठी," सासूबाई म्हणाल्या. "दुकानदार तेव्हाच म्हणाला होता, हे कापड चारचौघांत उठून दिसतं."