वाढवमास्तर

गोव्याच्या हद्दीवरच्या आमच्या इब्रामपूरचे गोविंद मास्तर गणित शिकवतात, पण ‘वजा’ म्हणत नाहीत.

वजाबाकी शिकवत नाहीत असं नाही. शिकवतात, आणि फार चांगली शिकवतात. फक्त तो शब्द त्यांच्या तोंडून बाहेर पडत नाही. ‘गेले’ नाही, ‘संपले’ नाही, ‘उणे’ नाही, ‘कमी’सुद्धा नाही. या सगळ्यांच्या जागी त्यांच्याकडे एकच शब्द आहे, वाढवणे.

“सातांतले तीन वाढय. हातात किती रवले?”

“चार!” पोरं ओरडतात.

आपण नारळ फोडत नाही, वाढवतो. बांगडी फुटत नाही, वाढते. संध्याकाळी दुकान बंद करत नाही, वाढवतो. अशुभ बोलायला नको म्हणून चार-दोन ठिकाणी आपण सगळेच असं बोलतो आणि विसरून जातो. मास्तरांनी मात्र त्याचा कायदाच केला. गावानं मग त्यांचं नाव ठेवलं वाढवमास्तर. त्यांना ते माहीत आहे. त्यांची तक्रार नाही, कारण नावात वाईट काही नाही.

या कायद्याचा त्रास गावानं सोसला आहे, तो मी स्पष्ट लिहिते. एकदा त्यांनी गॅसच्या एजन्सीला फोन केला, “आमचो गॅस वाढलो.” पलीकडच्या मुलीनं घाबरून विचारलं, “वाढला म्हणजे? वास येतोय का?” मास्तर म्हणाले, “वास खंयचो? वाढलो तो.” तासाभरात एक माणूस पाना घेऊन धावत आला, घरातल्या सगळ्या खिडक्या उघडल्या, मास्तरांच्या बायकोला, आमच्या काकींना, बाहेर खळ्यात म्हणजे अंगणात उभं केलं, आणि शेवटी सिलिंडर हलवून बघितला. रिकामा. तो माणूस जे बोलला ते मास्तरांनी कानाआड केलं, कारण त्यात बरेच अशुभ शब्द होते.

दुसऱ्यांदा सापडले ते माझ्या तावडीत. भर दुपारी फोन. “गो सुजाता, माझां पेट्रोल वाढलां.”

मी पत्रकं काढणारी बाई. दरवाढ म्हटली की माझं रक्त तापतं. मी म्हटलं, “अन्याय आहे मास्तर! पेडण्याच्या माणसाला बस धड मिळत नाही आणि स्कूटर परवडत नाही. आपण आजच मजकूर तयार करू.” चांगली पाच-दहा मिनिटं बोलले. मास्तरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “तुझां खरां आसा. पण मी दोडामार्गच्या रस्त्यार उन्हात उबो आसंय. बाटलीतसून थोडां घेऊन ये.”

माझ्या पत्रकांचे ते पहिले वाचक. शुद्धलेखन तपासायला मी त्यांच्याकडे जाते. ते ऱ्हस्व-दीर्घ सुधारतात आणि जाता जाता शब्दही सुधारतात. मराठी शाळांच्या प्रश्नावर मी ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘आमच्या शाळा बंद पडू देणार नाही!’ मास्तरांनी ‘बंद पडू’ खोडून वर ‘वाढू’ लिहिलं. छापखान्यात शेवटच्या घटकेला माझी नजर गेली म्हणून वाचले. नाहीतर ‘आमच्या शाळा वाढू देणार नाही’ अशी माझ्या नावाची पत्रकं सबंध तालुक्यात वाटली गेली असती, आणि सरकारनं माझा सत्कार केला असता.

मी चिडले. म्हटलं, “मास्तर, गणिताच्या माणसानं शकुन-अपशकुन मानावेत? शब्दानं काय होतं?”

“शब्दानंच सगळां होता,” मास्तर म्हणाले. “नायतर तू पत्रकां कित्याक काढतंस?”

मी पत्रकाची घडी घातली आणि घरी आले.

आता मुद्द्याचं. गेल्या वर्षी शाळकरी मुलांसाठी एक मोठी ऑनलाइन गणित स्पर्धा निघाली. पहिली फेरी मोबाइलवर, घरबसल्या. त्यातून निवडलेल्यांची दुसरी फेरी पणजीला, संगणकावर. भाषा दोन, इंग्रजी आणि हिंदी. मला विचाराल तर हा निव्वळ अपमान होता. आमची पोरं घरी कोकणी-मालवणी बोलतात, चौथीपर्यंत मराठीत शिकतात, आणि गणित त्यांना विचारणार कोण, तर दिल्लीची हिंदी! आम्ही सह्या गोळा केल्या, पत्रकं काढली, आयोजकांना मेलवर मेल पाठवले. अखेर त्यांनी मराठी दिली. दिली ती यंत्रातून भाषांतर काढून दिली, पण दिली.

मास्तरांच्या शिकवणीला निवृत्तीनंतरही गावची पाच-सहा पोरं येतात. शिकवणी त्यांच्याच घरच्या सोप्यावर, पाटावर बसून. त्यात मनाली गावस म्हणून चौथीतली पोर आहे. आई-बाप तिकडचे, सिंधुदुर्गातले. बाप उल्हास टिप्परवर ड्रायव्हर, आई काजूच्या कारखान्यात. मनाली हिशेब करताना छताकडे बघते, जणू उत्तर वाशांना टांगलेलं असतं, आणि बहुतेक वेळा ते तिथंच असतं. ही पोर पणजीला जायची, यात मास्तरांना शंका नव्हती. पणजीत पहिल्या येणाऱ्यांचा पुढच्या शिक्षणाचा भार आयोजक उचलणार होते, आणि पाचवीपासून मनालीचं काय, हे उल्हासला कुणी विचारलं की तो टिप्पर सुरू करायचा.

स्पर्धेच्या दिवशी मास्तरांच्या सोप्यावर मोबाइल गोळा झाले. आमच्या गावात फोनला कधी गोव्याची रेंज लागते, कधी महाराष्ट्राची. पोरांनी फोन कठड्यावर रांगेत लावले आणि गोव्याची बाजू धरून बसली. सगळं नीट पार पडलं.

निकाल आला तेव्हा मनाली एका गुणानं बाहेर होती.

मी उत्तरपत्रिका उघडली. चुकलेला प्रश्न एकच. ‘एका दुकानात ३६ नारळ होते. दुकानदाराने ९ नारळ वाढवले. आता दुकानात किती नारळ आहेत?’ मनालीचं उत्तर २७. यंत्राचं उत्तर ४५. मग बाकीच्यांचं बघितलं. मास्तरांच्या सगळ्या पोरांनी सत्तावीसच लिहिलं होतं.

“अगो, दुकानदार नऊ नारळ कशाला फोडील?” मी मनालीला विचारलं.

“नवस आसतलो तेचो,” ती म्हणाली.

मला सांगा, यात पोरीचं काय चुकलं? मराठीत नारळ वाढवले म्हणजे काय केले? कुठल्याही देवळात जाऊन विचारा! मी तिथल्या तिथं पत्रकाचा मथळा जुळवायला घेतला. मास्तरांनी मात्र तो प्रश्न पुन्हा वाचला, पोरांकडे एकेक करून बघितलं, आणि पायरीवर जाऊन बसले. यंत्राची चूक मला दिसत होती. त्यांना दिसत होतं ते वेगळंच असावं.

आक्षेप नोंदवायची सोय होती. मी तो नोंदवला. नियम असा, की मग त्यांच्याकडून फोन येणार आणि बोलणार ते पालक किंवा शिक्षक. माझ्यासारखी पत्रकवाली चालत नाही. उल्हासचा फोन लागेना. मनालीची आई म्हणाली, “माका तसली मराठी बोलूक जमाची ना. मास्तरांकच बोलूंद्या.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, ऐन शिकवणीत फोन वाजला. मी स्पीकर लावला. पलीकडे गोड आवाजाची बाई होती. शहरातली, स्वच्छ मराठीची.

“सर, तुमच्या विद्यार्थिनीने सत्तावीस लिहिलंय. बरोबर उत्तर पंचेचाळीस आहे.”

“पण म्याडम, नारळ वाढयले मगे?”

“हो ना. नऊ वाढवले. म्हणजे पंचेचाळीस.”

“वाढयल्यार पंचेचाळीस कशे होतले? वाढयले म्हणजे वाढले!”

“तेच म्हणतेय मी सर. वाढले.”

“ते वाढले न्हय म्याडम. हे वाढले!”

पोरांनी तोंडावर हात धरले. मनाली हसत नव्हती. ती छताकडे बघत होती.

“सर,” बाईंनी समजुतीनं घेतलं, “मला इथे एकच शब्द नोंदवायचाय. तुमच्या मते इथे बेरीज आहे की दुसरं काही? तुम्ही सांगा, मी लिहिते. आज आक्षेपांचा शेवटचा दिवस आहे.”

मी खुणा केल्या, ओठ हलवून दाखवले. मास्तरांनी माझ्याकडे बघितलंच नाही. ते बघत होते आतल्या दाराकडे. आत काकी चुलीशी होत्या.

“वजा,” मास्तर पुटपुटले.

“सर, ऐकू येत नाहीये. तुमच्याकडे रेंज नाहीये का? जरा मोठ्याने.”

“वजा.”

“अजून जरा...”

“वजा!” मास्तर उभे राहिले. “नऊ वजा! नारळ फोडले. फुटले ते. छत्तीसांतले नऊ गेले, म्याडम. गेले ते गेले. सत्तावीस उरले!”

कठड्यावरचा कावळा उडाला.

“अच्छा!” बाई म्हणाल्या. “आता कळलं. आमच्या आजीपण असंच म्हणायच्या. दोन्ही अर्थ होतात, खरंय. समितीकडे पाठवते सर.”

फोन बंद झाला. पोरं मास्तरांकडे बघत राहिली. मास्तरांनी धोतराचा सोगा सारखा केला आणि पोरांना “बसा” एवढंच म्हणून ते मागीलदारी निघून गेले. माडांना पाणी घालायची ती वेळ नव्हती, तरी विहिरीवरच्या कप्पीचा आवाज यायला लागला.

मी विजयी मुद्रेनं आत गेले. काकी चहा गाळत होत्या.

“ऐकलंत ना काकी? शेवटी बोलले. पोरीसाठी का होईना, शकुनांचं वेड सुटलं.”

“शकुनाचां वेड न्हय तां,” काकी म्हणाल्या.

मास्तरांना एक मुलगा होता. आनंद. खाणीच्या रस्त्यावर मोटारसायकलवरून पडून गेला, तेव्हा मी शाळेतही जात नव्हते. हे गावात सगळ्यांना माहीत आहे. पण त्या गोष्टीचा आणि मास्तरांच्या बोलण्याचा संबंध आजवर कुणी लावला नव्हता. मीही नाही.

“खळ्यांतसून कोणीतरी साद घातली,” काकी सांगत होत्या, “मास्तर, आनंद गेलो. मी हंयच बसलंलंय, भाकरी थापीत. माका घेरी इली, ती दोन दीस उतरली ना. त्या दिसापासून हेणी तो शब्द घरांतसून काडून टाकलो. पण शिकवणी सोप्यार, चूल हंय. पोरां दर सांजे ‘इतके गेले, तितके गेले’ म्हणान बोंब मारतली आनी ती माझ्या कानार पडतली. म्हणान हेणी गणितच बदलून टाकलां.”

काकींनी दिलेला चहाचा कप मी खाली ठेवला.

“मग आज एवढ्या मोठ्यानं...”

“माका कायएक झालां ना गो. कदीचां होणा ना आता. मी पाव घेताना पोदेराकडे बोलतंय, बाजारात बोलतंय, सगळे शब्द बोलतंय.”

“मग मास्तरांना सांगितलं का नाही?”

काकींनी पातेलं विसळून पालथं घातलं. “तेंका वाटतां, ते माका सांबाळतत. तेच्यारच ते उबे आसत. काडून घेऊ काय तां?”

तीन-चार दिवसांनी निरोप आला. समितीनं दोन्ही उत्तरं बरोबर धरली. मनाली पणजीच्या फेरीत. तिच्या आईनं सोप्यावर पेढे ठेवले. उल्हास टिप्पर रस्त्यातच उभा करून आला, मास्तरांच्या पायाशी वाकला, आणि मागची वाहनं हॉर्न वाजवायला लागली तसा पळाला. मी पत्रक काढायचा बेत सोडला. लिहायचं काय, ते ठरेना.

त्या संध्याकाळी शिकवणी सुरू झाली, पण मास्तरांना सूर लागेना. खडू हातात धरून ते फळ्यापुढे उभे होते. पणजीत दुसरा प्रश्न तसाच आला तर? पोरांना तो शब्द शिकवायला हवा, हे त्यांना कळत होतं, आणि तो या सोप्यावर बोलायचा कसा, हे कळत नव्हतं.

आतून काकी आल्या. पदराला हात पुसले आणि सरळ मास्तरांच्या खुर्चीवर बसल्या. त्या खुर्चीवर त्यांना बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

“मनाली, हंय ये. पणजेक थंय तुमचां वाढय-बिडय कोणाक कळाचां ना. तुका सगळे शब्द येवक होये. म्हण बगू.”

“काय म्हणू काकी?”

“वजाबाकी. मोठ्यान. मी आसंय हंय.”

मनालीनं मास्तरांकडे बघितलं. मास्तरांनी खडू कठड्यावर ठेवला, कोपऱ्यातली कळशी उचलली आणि कुणाकडे न बघता मागीलदारी गेले. थोड्या वेळानं कप्पी करकरायला लागली.

“पन्नासांतले तेरा गेले,” मनाली म्हणाली. हळूच.

“किती उरले?”

“सदतीस.”

“आयकूक येणा ना. सगळ्यांनी म्हणा.”

“पन्नासांतले तेरा गेले!” पोरांनी एका आवाजात म्हटलं. “सदतीस उरले!”

मागची कप्पी थांबली. दोराचा आवाज नाही, पाण्याचा नाही. काकींनी मान वळवली नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून त्या पोरांकडेच बघत होत्या.

“आनी एक,” त्या म्हणाल्या. “साठांतले अठरा गेले.”

“साठांतले अठरा गेले!”

“आनी एक.”

पोरं म्हणत राहिली. बऱ्याच वेळानं, मागीलदारी, कप्पी पुन्हा हळूहळू फिरायला लागली.