पितांबर नानांची दुपारची झोप

शिरपूरजवळच्या खेड्यातल्या निवृत्त पितांबर मास्तरांना, म्हणजे नानांना, आता आयुष्यात एकच गोष्ट हवी होती : दुपारची दोन तास झोप. पंचेचाळीस अंशांचा मे नेमकी तीच द्यायला तयार नव्हता. 'तापमान असंच वाढत जाणार, छताला चुना द्या,' असं पंचायतीत कुणी साहेब सांगून गेले. नानांनी त्याच संध्याकाळी स्लॅबला चुन्याचे दोन हात मारले.

घर खरंच गार झालं. दुसऱ्या दिवशी नाना पंख्याशिवाय घोरले. चूक एकच झाली. बायकोने, भागाबाईने, ही बातमी नळावर सांगितली.

उडदाचे पापड लाटताना पंखा चालत नाही, कडा सुकून फाटतात. त्यामुळे बिनपंख्याचं गार घर म्हटल्यावर शेजारच्या वच्छलाबाई पोळपाट घेऊनच आल्या.

"माय व, कितलं थंड शे! नाना, जरासं सरका ना."

दोन दिवसांत अकरा जणी झाल्या. नानांची खाट मागच्या खोलीत गेली, तर तिथे पीठ कुटणं सुरू झालं. नाना चिडून वच्छलाबाईंच्या रिकाम्या घरात झोपायला गेले आणि तापलेल्या पत्र्याखालून दहा मिनिटांत घामाघूम परत आले.

"हाई मन्हं घर शे का पापडना कारखाना?"

"त्यास्ना घरमा भट्टी शे," भागाबाई म्हणाली. "त्या बिचाऱ्या कोठे जातीन?"

नाना शेवटी मास्तर. या बायकांची घरं गार झाली की त्या आपापल्या घरी लाटतील, हे गणित त्यांनी मांडलं. आठवडाभर रोज पहाटे, डोक्याला टॉवेल गुंडाळून, अडुसष्टाव्या वर्षी त्यांनी अकरा छतांना चुना दिला. सारी गल्ली पांढरी झाली. नानांची पर्यावरणाची कळकळ पाहून सरपंचांनी त्यांना शाल-नारळ दिला. नानांनी कुणाचा गैरसमज दूर केला नाही.

युक्ती फळली. छत पांढरं होईल तशी एकेक बाई आपापल्या घरी लाटू लागली, भागाबाईही मदतीला घरोघर जाऊ लागली. आठव्या दुपारी नाना सुखाने आडवे झाले. डोळा लागतो न लागतो तोच दार वाजलं. दारात भागाबाई, आणि तिच्यामागे अकरा पोळपाट.

"आते कसाले?" नाना ताडकन उठले.

"आम्हना बठ्ठा पापड झायात," वच्छलाबाई म्हणाल्या. "भागाक्कानी आम्हले कितली मदत करी! आते तिना पापड."

भागाबाईने बारावं लाटणं नानांच्या हातात दिलं आणि सत्काराची शाल जमिनीवर अंथरली. संध्याकाळपर्यंत शालीवर पापडच पापड होते. त्यातले वाकडे तेवढे नानांचे.