आंघोळीमागे पस्तीस मिनिटे

सुखाची मागणी माणसाने एकदाच आणि एकत्रित नोंदवावी, म्हणजे कारभार सोपा होतो. लातूरचे निवृत्त हेडक्लार्क धम्मानंद यांनी घर गार करणारे, घर तापवणारे आणि पाणी गरम करणारे संयुक्त यंत्र बसवले ते याच श्रद्धेने. (घर तापवण्याच्या सोयीला कंपनीने आजन्म हमी दिली आहे. लातुरात ती कुणी वापरणार नाही, हे कंपनीने ओळखले असावे.)

यंत्राचा हिशेब चोख होता. खोलीतली उष्णता काढायची आणि टाकीतल्या पाण्यात सोडायची. टाकी पुरती तापली की गारवा बंद. म्हणजे गारवा हवा तर गरम पाणी कुणीतरी संपवले पाहिजे. आणि जिथे नळ आठवड्यातून एकदा येतो, तिथे पाणी नुसतेच मोरीत ओतणारा माणूस अजून जन्मायचा आहे. मग उरली आंघोळ.

धम्मानंदांनी तक्ता केला. एका आंघोळीस पस्तीस मिनिटे गारवा. डोक्यावरून घेतल्यास बेचाळीस. मे महिन्यात पत्नी पंचशीला रोज चार वेळा न्हाली आणि पाचव्या दिवशी नांदेडला माहेरी निघून गेली. (तिकडे साधा कूलर आहे.)

अशात औशाहून थोरली बहीण सुमनबाई आली. ‘तुझ्या भट्टीत उन्हाळ्याचं येणार न्हाई,’ म्हणून ती तीन वर्षे फिरकली नव्हती, आणि ते धम्मानंदांना फार लागले होते. ती घामाघूम होऊन दारात उभी राहिली, तेव्हा टाकी नेमकी तापून बसलेली.

“आक्का, आधी कढत पाण्यानं आंघोळ कर. मग गार वाटंल.”

“ह्या उन्हात? येडा झालास का काय? मी पडते जरा.”

धम्मानंदांनी स्वतःच टॉवेल उचलला. तिसऱ्या आंघोळीला आक्का घोरू लागली. पाचव्या आंघोळीला त्यांना भोवळ आली; पण आक्काने अंगावर चादर ओढून घेतली आहे, हे दारातून पाहिले आणि ते भरल्या डोळ्यांनी पुन्हा आत गेले.

संध्याकाळच्या एसटीला निघताना सुमनबाई शेजारच्या शिल्पाला म्हणाली, “घर लई गार हाय बघ. पण तीन वर्सानं आले, अन् भाऊ चार शब्द बोलला न्हाई. दिवसभर नुसता मोरीत.”

शिल्पाने यातले पहिले वाक्य ऐकले आणि लगेच कंपनीला फोन लावला. हे यंत्र मिळते कुठे, असे ज्या वाचकांच्या मनात एव्हाना येऊन गेले असेल, त्यांनी बहिणीशी आजच बोलून घ्यावे.